मागच्या सीटवरचं तापमान

गौरकार साहेबांनी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि मागच्या सीटच्या पाठीला सुतळीने बांधला. ताप मोजायचा नव्हे. भिंतीवर टांगतात तो, लाकडी पट्टीचा. मग स्वतः मागेच बसले, दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "चालवा आता. बायपासपर्यंत जाऊन परत येऊ."

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता आणि चंद्रपुरात दुपारचं ऊन बोचायला लागलं होतं. गाड्यांच्या एसीचं माझं गॅरेज तेव्हा मूल रोडला होतं. मी चौतीस वर्षांचा होतो. जुन्या गाडीच्या एसीला हात लावणारे गावात आम्ही दोघे-तिघेच, आणि त्यातला चांगला दिवाकर पिंपळशेंडे, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

गौरकार साहेब भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करायचे. किडकिडीत, पन्नाशीच्या आतबाहेरचे, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेन. आरशात मला ते दिसत होते. मांडीवर छोटी वही ठेवून ते दर दोन मिनिटांनी आकडा लिहीत होते. एकतीस. एकतीस. तीस. बायपासच्या वळणावर त्यांनी मला गाडी कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. आम्ही तसेच बसून राहिलो. पाच मिनिटांनी आकडा तेहतीसवर गेला.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "मला मागच्या सीटवर अठ्ठावीसच्या आत पाहिजे. गाडी उभी असली तरी."

मला हसू आलं. म्हटलं, साहेब, तेरा वर्षांची गाडी आहे, मागे कोण बसतं, मंत्री की काय?

ते रागावले नाहीत. वही मिटून खिशात ठेवली आणि सांगायला लागले. त्यांना एकच मुलगी, वृषाली. जन्मापासून तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. आपल्याला ऊन लागलं की घाम येतो आणि अंग निवतं. तिला घामच येत नाही, त्यामुळे तिचं अंग उन्हातल्या पत्र्यासारखं तापत जातं, आणि तापलेलं आपलं आपण उतरत नाही. लहानपणी दोनदा झटके येऊन गेले होते. उन्हाळाभर ती घरात एका खोलीत राहायची, दोन कूलर लावून. शाळा सकाळची, तीही होळीपर्यंतच. यंदा ती दहावीला होती. परीक्षेचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. पेपर अकरा ते दोन. म्हणजे परत यायची वेळ नेमकी टळटळीत दुपारची. शाळेने तिला कूलरजवळची जागा द्यायचं कबूल केलं होतं. उरला तो रस्ता. चार वर्षांपूर्वी ही गाडी त्यांनी जुन्यात घेतली ती फक्त तिच्यासाठी. स्वतः ते सायकलने ऑफिसला जायचे.

"तिचे मार्क चांगले आहेत," एवढंच ते शेवटी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी म्हटलं, दोन दिवस गाडी माझ्याकडे ठेवा.

त्या दोन दिवसांत मी मन लावून काम केलं, हे मी आजही छातीला हात लावून सांगीन. गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते, जिच्यातून गॅसची उष्णता बाहेर पडते, ती मातीने बुजली होती. ती उतरवून धुतली, वाकलेल्या पात्या एकेक करून सरळ केल्या. डॅशबोर्ड खोलून आतली कूलिंग कॉइल काढली; तिच्यावर वाळलेला पाचोळा आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस होता. पट्टा बदलला, नळ्यांचे जोड सोडून नवी रबरं घातली, साबणाचा फेस लावून गळती तपासली. मग तासभर पंप लावून आतली हवा ओढून घेतली आणि नवा गॅस भरला. गाडी चालू करून मी बाहेर उभा राहिलो. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. फक्त जाळीमागचा पंखा फिरत नव्हता.

मी लांब स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर दोनदा टकटक केली. पंखा फिरायला लागला. गाडी बंद करून परत चालू केली, फिरला. परत केली, फिरला. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते, हे मला कळलं. गाडी धावत असली की समोरून येणारी हवाच त्या पंख्याचं काम करते. ती उभी राहिली की मात्र सगळी भिस्त पंख्यावर. त्या गाडीची मोटर चंद्रपुरात मिळत नव्हती. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, मागवून द्यायला आठवडा तरी लागेल. पहिला पेपर तीन दिवसांवर होता.

संध्याकाळी गौरकार साहेब आले. थर्मामीटर बांधून मागे बसले, गाडी गॅरेजसमोर उभीच ठेवायला सांगितली. दहा मिनिटांनी काच खाली करून त्यांनी मला बोलावलं. पारा सव्वीसवर होता.

"आता दिवाळीपर्यंत बघायला नको," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पंख्याचं मी त्यांना काही बोललो नाही.

मध्ये एकदा ते येऊन गेले. तीन पेपर झाले होते. रस्त्यातच गाडी थांबवून, इंजिन आणि एसी चालूच ठेवून ते पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. वृषाली मागे बसली होती, खिडकीची काच बंद. मी पहिल्यांदाच तिला बघितलं. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया अगदी विरळ, डोळे मोठे. तिने काचेतून मला हात जोडून नमस्कार केला आणि हसताना तोंडावर हात धरला. गौरकार साहेबांनी वही उघडून दाखवली. तीन दिवसांचे आकडे, जाताना आणि येताना, सगळे पंचवीस-सव्वीस. "फाटकावर अजून एकदाही थांबावं लागलं नाही," ते म्हणाले. "नशीब आहे." त्यांच्यामागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने साहेबांनी माझं कौतुक केलं. मी पेढा खाल्ला.

त्या आठवड्यात उन्हाने एकदम उचल खाल्ली. दिवसाला आठ-नऊ गाड्या यायला लागल्या. सगळ्यांना आजच्या आज एसी पाहिजे. मला जेवायला घरी जाता येत नव्हतं.

बावीस मार्चला दुपारी अडीचच्या सुमाराला एक मोटारसायकलवाला गॅरेजसमोर थांबला. फाटकावर एक पांढरी गाडी बंद पडलीय, म्हणाला, तिच्यातले साहेब तुम्हाला बोलावून राहिले. पोरीला काहीतरी झालंय.

फाटक गॅरेजपासून दीड किलोमीटरवर. गॅरेज परीक्षेच्या केंद्राच्याच बाजूला होतं, त्यामुळे मध्ये रूळ ओलांडायचे नव्हते. मी स्कूटर काढली. हत्यारांची पेटी घ्यायचंही सुचलं नाही, हातात होता तो पान्हा घेऊन निघालो.

फाटक बंद होतं. कोळशाची एक मालगाडी मध्येच येऊन उभी राहिली होती, तिची दोन्ही टोकं दिसत नव्हती. अलीकडे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, सगळे अंगाला अंग लावून उभे. पांढरी गाडी त्यांच्या मधोमध. चारही दारं उघडी. ना पुढे जाता येत होतं ना मागे. गौरकार साहेब मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून मुलीच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतत होते. तिचा चेहरा लाल, आणि कोरडा. ओठ हलत होते पण शब्द लागत नव्हता. मी तिच्या हाताला हात लावला आणि मागे घेतला, इतकं ते अंग तापलं होतं.

"एसी गरम हवा मारायला लागला," गौरकार साहेब मान वर न करता सांगत होते. "काटा वर वर जाऊन राहिला होता. मला वाटलं इंजिन जळते. मी बंद केली गाडी. दहा मिनिटं थांबून परत लावतो म्हटलं तर लागेचना."

मी बॉनेट उघडलं. वायर हलवून शेजारच्या ट्रकवाल्याला किल्ली फिरवायला सांगितलं, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. पंखा उभाच होता. मी पान्ह्याने मोटरवर टकटक केली. तो फिरायला लागला. मागच्या सीटवरून त्यांना हे दिसलं नाही, बॉनेट मध्ये होतं.

बाजूला उसाच्या रसाची गाडी होती. मी तिथून बर्फाची अर्धी लादी गोणपाटासकट उचलून आणली. रसवाली बाई दुसरी अर्धी घेऊन माझ्यामागे पळत आली. पोरीच्या मानेला, काखेत, पोटावर आम्ही बर्फ लावत राहिलो. एसटीतल्या बायकांनी आपापल्या बाटल्या दिल्या, एकीने पदर ओला करून तिच्या पायांना गुंडाळला. तेवढ्यात तिला झटका आला. तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ झालं. गौरकार साहेब तिचं नाव घेत होते. ओरडून नाही, शाळेत हजेरी घेतात तसं, परत परत.

फाटक उघडायला अजून नऊ मिनिटं लागली. मी गाडी चालवली. दवाखान्यात पोचेपर्यंत एसी उत्तम चालत होता. तो थर्मामीटर अजून सीटला बांधलेलाच होता. उतरताना माझी नजर गेली, चोवीस.

डॉक्टर म्हणाले, अंगात एकशेसातच्या वर ताप आहे, मेंदूला सूज असू शकते, आत्ता काही सांगता येणार नाही. तिला आत नेलं. थोड्या वेळाने तिची आई आली, शेजाऱ्याच्या स्कूटरवर. सुमित्राबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, शाळेतूनच आल्या होत्या, बोटांना खडू होता. त्या सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी बंद केली होती?"

"इंजिन तापून राहिलं होतं—"

"बंद केली होती का, तेवढं सांगा."

"हो."

त्यांनी एकदा मान हलवली. मग त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. मी तीन पावलांवर उभा होतो. शर्ट बर्फाच्या पाण्याने पोटाला चिकटला होता. गौरकार साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही जा दिवाकरभाऊ. तुम्ही लय केलं." मी गेलो.

वृषाली अकरा दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली, पण पहिल्यासारखी नाही. तिला नीट चालता येईना, पाऊल टाकलं की तोल जायचा. हात थरथरायचा, पेन धरवत नव्हतं. बोलणं समजायचं, पण प्रत्येक शब्द ओढून काढल्यासारखा. भूमी अभिलेखातला एक माणूस माझं गिऱ्हाईक होता, त्याच्याकडून मला हे तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. दर वेळी मी त्याला विचारायचो आणि दर वेळी वाटायचं, विचारायला नको होतं. घरी माझ्या बायकोला, नंदाला, लोक सांगायचे की तुमच्या मालकाने त्या पोरीचा जीव वाचवला. तीही ते अभिमानाने मला सांगायची. मी ऐकून घ्यायचो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गौरकार साहेब गाडी घेऊन गॅरेजवर आले. गाडीवर धुळीचा थर होता. वणीचा एक माणूस ती घ्यायला तयार होता. म्हणाले, काय असेल ते सगळं ठीक करून द्या, त्याला फसवायचं नाही. मी खुर्ची दिली. ते बसले. चेहरा अर्धा झाला होता. दाढी वाढलेली. खिशाला पेन नव्हते.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला यातलं कळते म्हणून."

मी पान्हा पुसत होतो. तो पुसतच राहिलो.

"मी त्या दिवशी गाडी बंद केली नसती, तशीच चालू ठेवली असती, तर तिला गार हवा मिळाली असती का?"

मी म्हणालो, जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही साहेब.

"तरी पण. तुमचा अंदाज."

"कदाचित," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. जणू त्यांना तेच उत्तर अपेक्षित होतं. मग खाली बघून सांगायला लागले, मला नव्हे, समोरच्या जमिनीलाच. "तिची आई बोलत नाही माझ्याशी. चाळीस दिवस झाले. पोरीचं सगळं करते, मलाही हातात आणून देते, पण बोलत नाही. तिचंही बरोबर आहे. तिने मला दहादा सांगितलं होतं, काही झालं तरी गाडी बंद करू नका." गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते बसस्टँडकडे चालत गेले. भर दुपारी, डोक्याला काही न बांधता.

गाडी माझ्या गॅरेजमध्ये आठ दिवस उभी होती. मी तिला हात लावला नाही. रोज सकाळी शटर उघडलं की ती समोर दिसायची. दुसऱ्या गाड्यांची कामं करायचो आणि तिच्याकडे पाठ करायचो. रात्री नंदाने विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, उन्हाने डोकं दुखतं.

नवव्या दिवशी दुपारी मी काम अर्धवट टाकून गॅरेज बंद केलं आणि त्यांच्या घरी गेलो. गावाबाहेर नव्या वस्तीत त्यांचं घर होतं. समोर पत्र्याचा व्हरांडा. आतून कूलरचा घरघर आवाज येत होता आणि दार घट्ट लावलेलं होतं. गौरकार साहेब बाहेर व्हरांड्यात खाटेवर बसले होते. खाटेशेजारी त्यांचे कपडे दोरीवर, एका खोक्यावर कंगवा, चष्मा, ऑफिसचे कागद. माणूस बाहेरच राहत होता हे बघताक्षणी कळलं. वरचा पत्रा इतका तापला होता की त्याचा तडतड आवाज येत होता.

मला बघून ते उठले. माठातलं पाणी पेल्यात भरून मला दिलं. म्हणाले, गाडी झाली का?

मी म्हटलं, गाडीचं नाही, दुसरं सांगायचं आहे. आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पंखा पहिल्या दिवशीच अडखळला होता. मी टकटक करून चालवला. मोटर नागपूरहून मागवली. तुम्हाला बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही गाडी नेली नसती, आणि मी तुम्हाला दोन दिवसांत देतो म्हटलं होतं. शिवाय मला वाटलं, चालेल तेवढ्यात.

ते ऐकत होते. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, शेताची मोजणी करताना खुणेचे दगड विचारतात तशी.

"मोटर आली होती का?"

"आली होती."

"कोणत्या तारखेला?"

"बारा मार्चला."

"मी पेढे घेऊन आलो तो दिवस कोणता?"

"चौदा."

"म्हणजे तेव्हा ती तुमच्याकडे होती."

"तुम्ही उभे होते त्याच्या मागच्या फळीवर होती. खोकं फोडलेलंही नव्हतं."

"अर्ध्या तासाचं काम?"

"पाऊण तासाचं."

"फोन नंबर होता माझा तुमच्याकडे."

"होता." पुढे बोलणं भाग होतं म्हणून बोललो. "रोज म्हणायचो, उद्या करतो फोन. त्या दिवशी तुम्ही लोकांसमोर माझं नाव घेतलं. त्यानंतर तर मला सांगताच येईना."

त्यांना अजून एक विचारायचं होतं. खाटेची कड त्यांनी धरली होती. "मी बंद केली नसती तर?"

"तरी तेच झालं असतं, साहेब. पंखा फिरत नव्हता. एसी गार झालाच नसता, वर इंजिन उकळलं असतं. बंद केली ते तुम्ही बरोबर केलं."

"तुम्ही मला कदाचित म्हणाले."

"खोटं बोललो."

मला वाटलं, आता ते मारतील. मी त्या तयारीने उभा होतो. ते खाटेवर बसले, परत उठले, दोरीवरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. मग म्हणाले, "हे तिच्या आईपुढं सांगा. असंच. काही कमी नाही करायचं."

ते दाराशी गेले आणि आपल्याच घराच्या दारावर त्यांनी हळूच टकटक केलं. दार अर्धवट उघडलं. आतल्या गार हवेचा एक झोत माझ्या पायांवर आला. "यांचं ऐकून घे," ते म्हणाले. सुमित्राबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं. दार मिटायच्या आधी मला आतली खाट दिसली आणि खाटेवर भिंतीला टेकून बसलेली वृषाली. तिच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. हात थरथरत होता आणि कागदाचा फडफड आवाज येत होता.

पुढे दोन वर्षांनी तिने लेखनिक घेऊन दहावी दिली, नंतर बारावी. तोवर गौरकार साहेब बदली मागून चिखलदऱ्याला गेले होते, तिथे उन्हाळा सोसवतो म्हणून. वणीच्या माणसाने ती गाडी काही घेतली नाही. ती मीच घेतली आणि मोडीत घातली. त्यांच्यापैकी कोणी मला नंतर भेटलं नाही, मीही कधी गेलो नाही. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या तापलेल्या व्हरांड्यात तिच्या आईसमोर उभा होतो आणि मला सगळं दुसऱ्यांदा सांगायचं होतं.

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. पहिल्यांदा शब्द आपोआप बाहेर पडले होते. आता प्रत्येक तारीख मला माझ्याच तोंडून ऐकू येत होती. मी थांबलो की गौरकार साहेब हलक्या आवाजात म्हणत, "फळीचं सांगा." "कदाचितचं सांगा." मी सांगत गेलो. सुमित्राबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होत्या.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिला घाम येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"यांनी सांगितलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. सगळं सांगितलं होतं."

"गाडी उभी असली तरी गार पाहिजे, हे?"

"तेही."

त्यांनी आता माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी शिवी दिली असती, माझ्या पोराबाळांना शाप दिला असता, तर ते घेऊन मला निघता आलं असतं. तेच घ्यायला मी आलो होतो असं आता वाटतं. पण त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, कानाच्या मागून घामाची धार मानेवर उतरत होती, आणि ते हातात टॉवेल धरून खाली मान घालून उभे होते.

"किती तापून राहिलं इथं," त्या म्हणाल्या. "अहो, आत या."

गौरकार साहेबांनी मान वर केली. त्यांना पटकन कळलं नसावं. मग त्यांनी चपला काढल्या, त्या नीट भिंतीला लावून ठेवल्या, आणि बायकोच्या मागोमाग आत गेले. माझ्याकडे दोघांनीही वळून बघितलं नाही. आतून वृषालीचा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर ओढत काहीतरी विचारणारा. मग दार बंद झालं. त्या घरात ते दार कधीच उघडं ठेवत नसत, गारवा बाहेर जाईल म्हणून.